उपांत्यपूर्व फेरीत हरूनही जगात पाचवी: मिरा आंद्रीवाचं टेनिस समजून घेताना

२०२५ च्या जून-जुलैत रशियाची टेनिसपटू मिरा आंद्रीवा दोन ग्रँड स्लॅम स्पर्धांमध्ये, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी दोन ठिकाणी, बरोबर एकाच टप्प्यावर हरली. पॅरिसला फ्रेंच ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत तिला जगात ३६१ व्या क्रमांकावर असलेल्या लोइस बोइसाँ या फ्रेंच मुलीने घरी पाठवलं. पाच आठवड्यांनी विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत बेलिंडा बेन्चिचने तिला दोन टायब्रेकरमध्ये (सेट ६-६ असा बरोबरीत आल्यावर खेळतात तो निर्णायक गेम) हरवलं. दोन्हीकडे तिला सारखेच गुण मिळाले, ४३०. तरी पॅरिसच्या पराभवानंतर तिच्या खात्यातले गुण कमी झाले आणि लंडनच्या पराभवानंतर इतके वाढले, की १४ जुलैला ती जगात पाचवी झाली. वय वर्षं १८. तोपर्यंत इतक्या वर ती कधी गेली नव्हती.

पेपरात आपण ‘आंद्रीवा पराभूत’ असा मथळा वाचतो आणि पुढच्या आठवड्यात ‘आंद्रीवा पाचव्या स्थानी’ असा दुसरा मथळा येतो. दोन्ही खरे असतात. मधला दुवा कुणी सांगत नाही, कारण तो जरा किचकट आहे. निकालांची नुसती यादी वाचून या मुलीची कारकीर्द कळणार नाही, असं माझं मत आहे. क्रमवारी कशी चालते, तिला वर्षात किती स्पर्धा खेळायला परवानगी होती आणि तिच्या नावापुढे झेंडा का नसतो, हे माहीत असलं तर तेच निकाल वेगळे दिसतात.

आधी क्रमवारीचं बघू.

महिला टेनिसची क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांच्या गुणांवर ठरते. बहुतेक सोमवारी नवी यादी लागते. गुण म्हणजे मुदतीचा रिचार्ज: वर्ष झालं की संपतो, वापरला काय आणि नाही काय. ग्रँड स्लॅम जिंकली की २००० गुण, अंतिम फेरीत हरलात तर १३००, उपांत्य फेरीत ७८०, उपांत्यपूर्व फेरीत ४३०, चौथ्या फेरीत २४०. पहिल्याच फेरीत हरलात तरी १० मिळतात. पुढच्या वर्षी तीच स्पर्धा संपली की जुने गुण खात्यातून जातात आणि त्या जागी नवे बसतात. टेनिसच्या भाषेत याला गुण राखणं म्हणतात. खरं तर राखता काहीच येत नाही, नव्याने कमवावे लागतात.

आता मिराचा हिशेब. २०२४ च्या फ्रेंच ओपनमध्ये तिने उपांत्यपूर्व फेरीत बेलारूसच्या अरिना सबालेन्काला हरवून उपांत्य फेरी गाठली होती. म्हणजे खात्यात ७८०. २०२५ मध्ये ती एक फेरी आधी हरली, मिळाले ४३०. निव्वळ तोटा ३५० गुणांचा. विम्बल्डनला उलट झालं. २०२४ मध्ये ती तिथे पहिल्याच फेरीत ब्रेंडा फ्रुहविर्तोव्हाकडून हरली होती आणि पदरात पडले होते जेमतेम १०. ते गेले, ४३० आले. फायदा ४२०. पॅरिसला तिला सहावं मानांकन (क्रमवारीवरून ठरणारा त्या स्पर्धेपुरता क्रमांक) होतं, विम्बल्डनला सातवं, आणि विम्बल्डन संपल्यावर क्रमांक पाचवा.

यात तिचा पराक्रम किती आणि इतरांची घसरण किती, हाही प्रश्न आहेच. इटलीची जास्मिन पाओलिनी २०२४ मध्ये विम्बल्डनची उपविजेती होती, खात्यात १३००. २०२५ मध्ये ती दुसऱ्या फेरीत बाद झाली आणि ७० गुणांवर तिची बोळवण झाली. एका स्पर्धेत १२३० गुण गेले आणि चौथं मानांकन असलेली ती क्रमवारीत थेट नवव्यावर. गंमत म्हणजे २०२४ च्या पॅरिसच्या उपांत्य फेरीत मिराला ६-३, ६-१ असं गुंडाळणारी हीच पाओलिनी. बोइसाँचं गणितही मजेशीर आहे: ३६१ व्या क्रमांकाची मुलगी उपांत्य फेरीपर्यंत गेली, ७८० गुण एकदम आले आणि एका स्पर्धेत ती ६५ वी झाली. वरच्या दहांत एक पायरी चढायला जितके गुण लागतात, तितक्यात खाली शेकडो पायऱ्या ओलांडता येतात.

म्हणून टेनिसपटूची क्रमवारी वाचताना एक सवय लावून घ्यावी. ती आज काय जिंकली यासोबत मागच्या वर्षी याच आठवड्यात तिने काय केलं होतं, हेही बघावं. तेवढ्यावर निम्मी कोडी सुटतात.

क्रास्नोयार्स्क ते कान

मिराचा जन्म २९ एप्रिल २००७ चा, सैबेरियातल्या क्रास्नोयार्स्कचा. येनिसेई नदीकाठचं हे शहर मॉस्कोहून हजारो किलोमीटर पूर्वेला. थोरली बहीण एरिका तिच्याहून जवळपास तीन वर्षांनी मोठी, तीही व्यावसायिक टेनिसपटू. घरात टेनिस आलं ते आईच्या हौसेतून. २००५ ची ऑस्ट्रेलियन ओपन मरात साफिनने जिंकली तेव्हा त्यांच्या आईला या खेळाचं वेड लागलं, असं या बहिणींनी सांगितलेलं आहे. मुलींसाठी कुटुंब आधी काळ्या समुद्राकाठच्या सोचीला गेलं, मग मॉस्कोला आणि शेवटी फ्रान्समधल्या कान इथे, तिथल्या टेनिस अकादमीत.

रशियन टेनिस ज्यांनी थोडंफार पाहिलंय त्यांना हा रस्ता ओळखीचा वाटेल. मारिया शारापोव्हाही सैबेरियात जन्मलेली, न्यागान नावाच्या गावात. तिचंही कुटुंब सोचीला आलं आणि तिथून वडील तिला घेऊन अमेरिकेत फ्लोरिडाला गेले. साफिन स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला घडला. स्वेतलाना कुझनेत्सोव्हाही स्पेनमध्येच तयार झाली. दानिल मेदवेदेव्हने कानचाच पत्ता धरला. रशिया खेळाडू जन्माला घालतो, त्यांना रेटतो आणि मग बहुतेकांना बाहेर पाठवतो.

कारणं साधी आहेत. हिवाळा अर्धं वर्ष खातो, तेव्हा छताखालच्या कोर्टवर खेळावं लागतं, आणि असे कोर्ट थोडे असतात नि महागही. पण त्याहून मोठं कारण स्पर्धांचं आहे. फ्रान्स, स्पेन, इटलीत राहणाऱ्या पोराला गाडीने किंवा तासा-दोन तासांच्या विमानप्रवासाने जाता येतील इतक्या स्पर्धा वर्षभर मिळतात, तऱ्हेतऱ्हेच्या प्रतिस्पर्ध्यांशी गाठ पडते, मातीच्या कोर्टवर घसरत खेळण्याची सवय पायात भिनते. मिराच्या खेळात ती सवय दिसते. ती फार उंचीपुरी नाही, सबालेन्कासारखा दणका तिच्या हातात नाही. तिचं बळ आहे ते दोन हातांच्या बॅकहँडमध्ये, चेंडू कुठे पडणार हे आधी ताडण्यात आणि समोरचीला बेसलाइनच्या मागे रेटून अचानक ड्रॉप शॉट, म्हणजे जाळ्यापलीकडे लगेच पडणारा हलका चेंडू, टाकण्यात. ही मुलगी मॅच खेळताना सतत विचार करत असते, आणि तो विचार तिच्या चेहऱ्यावर दिसतो. तोच तिचा घोळही आहे. त्याकडे येऊच.

या रांगेत ती उभी आहे, ती रांगही मोठी आहे. १९९६ मध्ये येवगेनी काफेल्निकोव्ह फ्रेंच ओपन जिंकून ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारा पहिला रशियन ठरला. मुलींचं वर्ष होतं २००४. अनास्तासिया मिस्किनाने पॅरिसला, सतरा वर्षांच्या शारापोव्हाने विम्बल्डनला आणि कुझनेत्सोव्हाने न्यू यॉर्कला विजेतेपद मिळवलं. एकाच वर्षात तीन ग्रँड स्लॅम, तीन वेगळ्या रशियन मुली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये महिला एकेरीची तिन्ही पदकं रशियाला गेली. त्या पिढीशी तुलना केली तर आजचं रशियन महिला टेनिस अजून उणंच आहे, पण मिरामुळे ती तुलना पुन्हा सुरू झाली.

वर्षाला किती स्पर्धा?

इथे बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट येते. महिला टेनिसमध्ये अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलीला मनाला येईल तितक्या स्पर्धा खेळता येत नाहीत. चौदा वर्षांच्या आतल्या मुलीला व्यावसायिक टेनिस बंद. मग, मिरा त्या वयाची होती तेव्हा, ढोबळमानाने चौदाव्या वर्षी ८, पंधराव्या वर्षी १०, सोळाव्या वर्षी १२ आणि सतराव्या वर्षी १६ स्पर्धा मिळायच्या. कामगिरी चांगली असेल तर काही जास्तीच्या मिळतात. आणि वर्ष मोजायचं ते जानेवारीपासून नाही, एका वाढदिवसापासून पुढच्या वाढदिवसापर्यंत.

हा नियम आला जेनिफर कॅप्रियातीच्या काळात. ही अमेरिकन मुलगी १९९० मध्ये चौदा वर्षंही पूर्ण झाली नसताना व्यावसायिक टेनिसमध्ये उतरली आणि पहिल्याच स्पर्धेत अंतिम फेरीत पोचली. त्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत. १९९२ मध्ये बार्सिलोना ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात तिने स्टेफी ग्राफला हरवून सुवर्ण घेतलं. वय सोळा. आणि मग सगळं कोसळलं: खेळ सुटला, दुकानातून अंगठी उचलल्याचं प्रकरण झालं, १९९४ मध्ये गांजा जवळ बाळगल्याबद्दल अटक झाली, तो पोलिसांनी काढलेला फोटो जगभर छापला गेला. तिच्या आधीही काही मुली अशाच लवकर चमकून दुखापतींनी आणि कंटाळ्याने विझल्या होत्या. महिला टेनिस संघटनेने तज्ज्ञांची समिती नेमली आणि १९९५ पासून वयाची अट लागू झाली. कॅप्रियाती पुढे सावरली, २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून परतली, पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

नियमावर टीका पुष्कळ होते. पंधरा वर्षांची कोको गॉफ २०१९ मध्ये विम्बल्डनला व्हीनस विल्यम्सला हरवून चौथ्या फेरीत गेली, तेव्हा तिला स्पर्धा मोजून खेळायला लावणं बऱ्याच जणांना अन्यायाचं वाटलं होतं. युक्तिवाद असा, की स्पर्धा थोड्या मिळाल्या की प्रत्येक स्पर्धेचं दडपण वाढतं. दहाच संधी असतील तर एक वाया गेली तरी टोचते. यात तथ्य आहे. तरी मी नियमाच्या बाजूने आहे. पंधरा वर्षांच्या मुलीच्या भोवती जेव्हा एजंट, प्रायोजक, आयोजक आणि कधीकधी घरचेही ‘अजून एक स्पर्धा’ म्हणत उभे असतात, तेव्हा ‘नाही’ म्हणणारं कुणीतरी लागतं. ते काम कागदावरच्या नियमाने केलं तर मुलीवर आळ येत नाही.

आपल्याकडेही हा नियम लागू पडताना पाहिलाय. २०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या महिला स्पर्धेत कोइमतूरची माया राजेश्वरन पंधराव्या वर्षी उपांत्य फेरीपर्यंत गेली. तेव्हा गॅलरीत आणि ऑनलाइन एकच सूर होता: हिला आता सगळीकडे खेळवा. खेळवता येत नाही. मोजक्या स्पर्धा हातात असल्या की कुठली घ्यायची आणि कुठली सोडायची हाच निम्मा डाव असतो.

मिराच्या बाबतीत हा डाव कसा खेळला गेला ते बघण्यासारखं आहे. जानेवारी २०२३ मध्ये ती ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुलींच्या गटात अंतिम सामन्यात पोचली. समोर तिच्याच वयाची रशियन, अलिना कोर्निव्हा. तीन तासांहून जास्त चाललेला तो सामना मिरा तिसऱ्या सेटमध्ये ५-७ हरली आणि कोर्टवरच रडली. मग एप्रिलमध्ये तिने स्वित्झर्लंडमध्ये कियासो आणि बेलिनझोना इथल्या दोन स्पर्धा लागोपाठ जिंकल्या. या स्पर्धांना तेव्हा डब्ल्यू ६० म्हणत. जाता जाता हेही सांगून टाकतो, कारण आकड्यांचा गोंधळ नेहमी होतो: खालच्या पायरीवरच्या स्पर्धांच्या नावातला आकडा तेव्हा बक्षिसाच्या रकमेचा असायचा, हजार डॉलरमध्ये. वरच्या पायरीवर २५०, ५००, १००० हे आकडे विजेतीला मिळणाऱ्या गुणांचे. या दोन पायऱ्यांच्या मध्ये १२५ दर्जाच्या स्पर्धा येतात. मुंबईची स्पर्धा त्या दर्जाची. २०१७ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या (सीसीआय) कोर्टवर ती कुणी जिंकली होती? सबालेन्काने. तेव्हा तिला इथे ओळखणारे फारसे नव्हते.

तर स्वित्झर्लंडहून मिरा माद्रिदला आली. ही १००० दर्जाची स्पर्धा, ग्रँड स्लॅमच्या खालची सगळ्यात मोठी पायरी. मिराचा क्रमांक १९४. या क्रमांकावर मुख्य फेरीत थेट जागा मिळत नाही. तिला वाइल्ड कार्ड मिळालं. वाइल्ड कार्ड म्हणजे आयोजकांच्या मर्जीची जागा, आणि मर्जी ही बहुधा घरच्या खेळाडूंवर, जुन्या नावांवर किंवा उद्या पैसा वसूल करून देतील अशा पोरांवर असते. पंधरा वर्षांच्या मिराने आधी ग्रँड स्लॅमची उपविजेती राहिलेल्या लेला फर्नांडिसला हरवलं, मग बीट्रिझ हदाद मायाला, आणि २९ एप्रिलला, सोळाव्या वाढदिवशी, माग्दा लिनेतला ६-३, ६-३. पुढच्या सामन्यात सबालेन्काने तिला ६-३, ६-१ असा धडा दिला. पण एका आठवड्यात तिचं नाव झालं होतं, आणि वाढदिवसामुळे स्पर्धांचा नवा कोटाही सुरू झाला होता.

इतकं होऊनही पॅरिस आणि विम्बल्डन दोन्हीकडे तिला पात्रता फेरीतून यावं लागलं. तीन सामने जिंका, मग मुख्य फेरी. पॅरिसला ती तिसऱ्या फेरीपर्यंत गेली आणि क्रमवारीत शंभरच्या आसपास आली, मग विम्बल्डनला थेट प्रवेश का नाही? कारण ग्रँड स्लॅमची प्रवेशयादी स्पर्धेच्या साधारण सहा आठवडे आधीच्या क्रमवारीवर ठरते. चढणाऱ्या खेळाडूला क्रमवारी नेहमीच मागून येऊन गाठते.

तापट डोकं

विम्बल्डन २०२३, चौथी फेरी, समोर मॅडिसन कीज. मिरा ६-३, ४-१ अशी पुढे. उपांत्यपूर्व फेरी दोन गेमवर आलेली. तिथून कीजने सामना ओढून नेला. दुसरा सेट टायब्रेकरमध्ये गेला तेव्हा मिराने रॅकेट आपटल्याबद्दल ताकीद खाल्ली होती. तिसऱ्या सेटमध्ये २-५ अशी पिछाडी. एका चेंडूमागे धावताना ती गवतावर घसरली आणि रॅकेट हातातून गेली. पंचांच्या मते तिने ती फेकली. दुसरा गुन्हा म्हणजे एका गुणाचा दंड, आणि त्या गुणासरशी कीजला मॅच पॉइंट मिळाला. आपण पडलो, फेकली नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. पुढच्या गुणावर सामना संपला आणि पंचांशी हात न मिळवता ती निघून गेली. सोळा वर्षांच्या मुलीचा तो राग खरा होता. नियम मात्र पंचांच्या बाजूने होता, कारण रॅकेट फेकली की निसटली हे ठरवायचा अधिकार खुर्चीत बसलेल्या माणसाचा असतो.

सहा महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपन. दुसऱ्या फेरीत तिने ओन्स जाबूरला, म्हणजे जिला बघत ती मोठी झाली त्या खेळाडूला, ६-०, ६-२ असं तासाभराच्या आत संपवलं. लगेच पुढच्या फेरीत डायान पॅरीविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये १-५ अशी मागे. पॅरीला मॅच पॉइंटही मिळाला. मिराने तो वाचवला आणि निर्णायक टायब्रेकर १०-५ जिंकला. तरी तिचं मन अजून कच्चं आहे, स्वतःवर फार चिडते, असा शेरा कुणीतरी मारलाच. तेव्हा ब्रिटिश टेनिसपटू अँडी मरेने तिची बाजू घेतली: सामना फिरला तो कदाचित तिच्या मनाच्या बळावरच, आणि स्वतः हरत असताना स्वतःवर चिडणं हेच तिचं बळ असेल, अशा आशयाचं त्याने लिहिलं. मरे स्वतः आयुष्यभर कोर्टवर स्वतःशी भांडत आला, त्यामुळे त्याला हे कळावं यात नवल नाही.

२०२४ च्या वसंतात कोंचिता मार्टिनेझ तिची प्रशिक्षक झाली. १९९४ ची विम्बल्डन विजेती. अंतिम सामन्यात तिने मार्टिना नवरातिलोव्हाला हरवलं होतं. हात हलका, चेंडूला फिरकी, घाई नाही. मिराच्या स्वभावाला असं माणूस हवं होतं. दोघींचं सामन्यादरम्यान चालणारं बोलणं, थट्टा, कधी रुसवे, हे आता प्रेक्षकांच्या ओळखीचं झालंय. पूर्वी असं बोलायला मनाई होती. आधी प्रायोगिक आणि २०२५ पासून नियमातच स्टँडमधून सूचना द्यायला मुभा आली. मिरासारख्या खेळाडूला त्याचा फायदा होतो, क्वचित तोटाही, कारण रागवायला माणूस समोरच बसलेलं असतं.

या जोडीचं पहिलं मोठं फळ २०२४ च्या फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी. १९९७ मधल्या मार्टिना हिंगिसनंतर इतक्या लहान वयात कुणी ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीत गेलं नव्हतं. जुलैत रोमानियात यास इथे पहिलं विजेतेपद. आणि मग २०२५ चे ते दोन महिने.

फेब्रुवारीत दुबई. मार्केटा वोन्ड्रुशोव्हा, इगा श्वीऑनटेक, एलिना रायबाकिना, तिघीही ग्रँड स्लॅम विजेत्या, तिघींना हरवून अंतिम फेरी आणि तिथे क्लारा टाउसनवर विजय. १००० दर्जाच्या स्पर्धा २००९ पासून या नावाने सुरू झाल्या, तेव्हापासूनची सर्वात लहान विजेती. मार्चमध्ये कॅलिफोर्नियात इंडियन वेल्स. उपांत्य फेरीत पुन्हा श्वीऑनटेक, मधला सेट १-६ गमावूनही विजय. अंतिम सामन्यात सबालेन्का, जिने दोन वर्षांपूर्वी माद्रिदला तिला चेंडू दिसू दिला नव्हता. पहिला सेट मिरा २-६ हरली. एरवी अशा ठिकाणी ती स्वतःशी भांडायला लागते. त्या दिवशी तिने सर्व्हिस सुधारली, रॅली लांबवल्या, सबालेन्काला एक चेंडू जास्तीचा खेळायला लावला. २-६, ६-४, ६-३. बक्षीस घेताना तिने सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटी स्वतःचेही मानले, हार न मानल्याबद्दल. प्रेक्षक हसले. मला ते वाक्य उद्धट वाटलं नाही. विम्बल्डनचा तो सामना ज्यांनी पाहिला होता त्यांना त्यातला हिशेब कळला असेल.

पण त्याच वर्षी पॅरिसला बोइसाँसमोर हिशेब पुन्हा बिघडला. पंधरा हजार फ्रेंच प्रेक्षक विरोधात, पहिला सेट टायब्रेकरमध्ये निसटलेला. दुसऱ्यात मिरा ३-० पुढे गेली आणि तिथून सलग सहा गेम हरली. चिडून चेंडू स्टँडमध्ये मारला, ताकीद मिळाली, गोंगाट आणखी वाढला. अठराव्या वर्षी स्वभाव सुटतो थोडाच.

अठरा पूर्ण झाल्यावर वयाची अट गेली आणि दुसरी सक्ती आली. वरच्या खेळाडूंना बहुतेक मोठ्या स्पर्धा खेळाव्याच लागतात; टाळली तर त्या जागी शून्य धरतात. कालपर्यंत जास्त खेळू नकोस म्हणणारी व्यवस्था आता विश्रांती घेतलीस तर बघ म्हणते. २०२५ च्या उत्तरार्धात मिरा दमलेली दिसली. अमेरिकन ओपनच्या तिसऱ्या फेरीत टेलर टाउनसेंडकडून पराभव, चीनमधल्या स्पर्धांतही फार काही हाती लागलं नाही. वर्षअखेरच्या आठ जणींच्या स्पर्धेची निवड वेगळ्या यादीवर होते. तिथे फक्त त्या वर्षी जानेवारीपासून मिळवलेले गुण धरतात. बराच काळ मिरा त्या आठात होती. शेवटच्या आठवड्यांत रायबाकिनाने तिला मागे टाकून जागा पटकावली आणि रियाधला जाऊन विजेतेपदही मिळवलं. मिरा तिथे गेली ती फक्त दुहेरीसाठी.

नावापुढची रिकामी जागा

टीव्हीवर गुणफलक दिसतो तेव्हा प्रत्येक खेळाडूच्या नावाशेजारी तिच्या देशाचा झेंडा असतो. मिराच्या नावाशेजारी काही नसतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं आणि १ मार्चला टेनिसच्या संघटनांनी ठरवलं: रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंनी वैयक्तिक खेळावं, पण देशाच्या नावाविना. दोन्ही देशांचे संघ सांघिक स्पर्धांतून बाहेर. रशिया तेव्हा डेव्हिस कप (पुरुषांची सांघिक स्पर्धा) आणि बिली जीन किंग कप (महिलांची) या दोन्हींचा विजेता होता. विम्बल्डनने पुढे जाऊन २०२२ मध्ये या खेळाडूंना प्रवेशच नाकारला. त्यावर संघटनांनी त्या वर्षी विम्बल्डनचे गुण काढून घेतले. २०२३ मध्ये, तटस्थ असल्याचं लिहून घेऊन, विम्बल्डनने दार उघडलं. मिराचं सगळं व्यावसायिक नाव याच काळात झालं. युक्रेनच्या खेळाडू सामन्यानंतर तिच्याशी हात मिळवत नाहीत. कारण उघड आहे, आणि त्यात तिचा वैयक्तिक दोष शोधायला कुणी जात नाही.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिरा आणि डायना श्नायडर दुहेरीच्या अंतिम फेरीत गेल्या. सारा एरानी आणि पाओलिनीविरुद्ध पहिला सेट ६-२ जिंकला, दुसरा १-६ गेला, निर्णायक टायब्रेकर ७-१०. रौप्य मिळालं, पण ते रशियाच्या खात्यात गेलं नाही. तटस्थ खेळाडूंची पदकं पदकतालिकेत धरलीच नाहीत. कॅप्रियातीनंतर इतक्या लहान वयात टेनिसचं ऑलिंपिक पदक कुणी घेतलं नव्हतं, आणि ज्या देशाच्या मुलीने ते घेतलं त्याचं नाव कुठल्या रकान्यात नाही.

यावर आपलं मत काहीही असो, खेळाडूंनी आपापला मार्ग काढलेला आहे. मिराने यासला अंतिम फेरीत जिला हरवलं, ती एलिना अवानेस्यान काही दिवसांतच आर्मेनियाकडून खेळू लागली. २०२४ मध्ये निंगबोच्या अंतिम सामन्यात मिराला हरवणारी दारिया कसातकिना मार्च २०२५ पासून ऑस्ट्रेलियाची. विम्बल्डनला २०२३ मध्ये जिला नमवून मिरा कीजसमोर पोचली, ती अनास्तासिया पोतापोव्हा २०२५ च्या डिसेंबरात ऑस्ट्रियाची झाली. रायबाकिना तर मॉस्कोत जन्मलेली, २०१८ पासून कझाकस्तानची, आणि रशियनांना बंदी असलेल्या २०२२ च्या विम्बल्डनची विजेतीही तीच. काहींच्या मागे पैसा आणि प्रशिक्षणाची सोय आहे. कसातकिनाने युद्धाविरुद्ध आणि स्वतःच्या समलिंगी असण्याबद्दल उघड बोलून झालं होतं, तिला परतीची वाट राहिली नव्हती.

मिरा कानला राहते, तिला शिकवते स्पॅनिश प्रशिक्षक, आणि २०२५ संपेपर्यंत तिने दुसऱ्या देशाचा झेंडा घेतलेला नव्हता. दुबई आणि इंडियन वेल्सचे मिळून २००० गुण मात्र २०२६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये खात्यातून जाणार, हे तिने ते जिंकले त्याच दिवशी ठरलं होतं.